अ‍ॅनाज हमिंगबर्ड, सहा फ्लॅश आणि एक फूल: परसातल्या कामाच्या नोंदी

काम: फुलासमोर हवेत तरंगणाऱ्या हमिंगबर्डचा, पंखही स्पष्ट येतील असा फोटो. जागा: फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. घराच्या मागचं अंगण, उत्तरेकडे तोंड असलेली छपराची पडवी. पक्षी: अ‍ॅनाज हमिंगबर्ड, वजन जेमतेम चार-साडेचार ग्रॅम, इथे बाराही महिने असतो. काळ: जानेवारी-फेब्रुवारी २०२४, फक्त सुट्टीचे दिवस. फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा आणि १००-४०० लेन्स आधीपासून होते, त्यामुळे ते खर्चात धरलेले नाहीत.

हिवाळा मुद्दाम निवडला. उन्हाळा सरता सरता नर पिसं टाकायला लागतात आणि गळ्या-डोक्याची गुलाबी पिसं सगळ्यात शेवटी भरतात. सप्टेंबरात काढलेला नर उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो. जानेवारीत पिसारा कोरा करकरीत असतो.

६ जानेवारी

पडवीत एकच फीडर (साखरपाण्याची टांगती बाटली), एकाच तोंडाचा. बसायची दांडी काढून टाकली. दांडी असली की पक्षी बसून पितो आणि पंख मिटलेलेच मिळतात. बाकीचे दोन फीडर आठवडाभर आधी उतरवले होते. फीडर नवा असेल तर महिनाभर तरी नुसता टांगून ठेवा, फ्लॅश नंतर.

साखरपाणी: एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बाकी काही नाही. लाल रंग घालायचा नाही. मध आणि गूळही नाही. मधावर बुरशी धरते आणि गुळातलं लोह या पक्ष्यांना सोसत नाही.

चार फ्लॅश पुढून, दोन मागच्या बाजूसाठी. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, लेन्सचं छिद्र एफ/११, शटर १/२०० सेकंद, फ्लॅश १/४ ताकदीवर. सकाळी नऊ ते साडेअकरा १४० फ्रेम. एकही ठेवण्यासारखी नाही. अंग स्पष्ट, पण पंखांच्या जागी धुरकट पंखा आणि त्यावर एक फिकट पंख उमटलेला.

इथे दोन चुका एकावर एक बसल्या. पहिली: पडवीतला उजेड. १/२०० सेकंद शटर उघडं असताना दिवसाचा उजेडही फोटो काढतच असतो, आणि या सेटिंगला तो योग्य एक्स्पोजरपेक्षा फक्त एखादा स्टॉप कमी होता (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). दुसरी: १/४ ताकदीवर छोट्या फ्लॅशचा झोत साधारण १/२५०० सेकंद टिकतो, आणि तो या पंखांसाठी फार लांब आहे.

हिशेब असा. पंख पाच सेंटिमीटरचा, सेकंदाला चाळीसेक वेळा हलतो, एका बाजूचा फेरा सुमारे १२० अंशांचा. म्हणजे टोकाचा सरासरी वेग सेकंदाला आठ मीटर, मधल्या टप्प्यात बारा. १/२५०० सेकंदात टोक जवळजवळ पाच मिलिमीटर सरकतं. १/१५,००० मध्ये एक मिलिमीटरपेक्षाही कमी. फ्लॅशची ताकद कमी केली की झोत मंद होत नाही, आखूड होतो. म्हणून जास्त फ्लॅश, कमी ताकद आणि पक्ष्याच्या अगदी जवळ.

हाय-स्पीड सिंकचा (फ्लॅश वेगवान शटरशी जुळवायच्या सोयीचा) मोह होतो. १/४००० शटर लावता येतं खरं, पण त्यात फ्लॅश एकच कडक झोत न टाकता शटरचा पडदा सरकेपर्यंत लुकलुकत राहतो. पंख पुसटच राहतात. दहा फ्रेम काढून बघितल्या आणि सोडून दिलं.

७ जानेवारी

पडवीच्या दोन बाजूंना आणि वरच्या पारदर्शक पत्र्यावर गडद ताडपत्री (१५ डॉलर). एक बाजू पूर्ण उघडी ठेवावी लागते, नाहीतर पक्षी आत शिरत नाही.

आता रोज सकाळी पहिलं काम एकच: सगळे फ्लॅश बंद करून एक फ्रेम काढायची. ती कोळशासारखी काळी आली पाहिजे. आयएसओ ४००, एफ/१६, १/२०० ला ताडपत्रीशिवाय फीडरचा आकार ओळखू येत होता; ताडपत्रीनंतर काहीच दिसलं नाही. फ्लॅशच्या एक्स्पोजरपेक्षा उजेड पाच-साडेपाच स्टॉप खाली गेल्याशिवाय ही भुताटकी, म्हणजे पंख दुहेरी उमटणं, थांबत नाही. दुपारी शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर ऊन आलं की चाचणी परत घ्यायची. त्या भिंतीने दोन वेळा फसवलं.

फ्लॅश: गोडॉक्स टीटी६००, १/३२ ताकद, झूम १०५ (म्हणजे झोत अरुंद), तोंडावर बटरपेपरची एक घडी. पुढचे दोन फीडरपासून पन्नास सेंटिमीटरवर.

चाळीस मिनिटं वाया: एकही फ्लॅश पेटेना. ट्रिगरचे (कॅमेऱ्यावरून फ्लॅश पेटवणाऱ्या यंत्राचे) सेल बदलले, चॅनल बदलला. दोष कॅमेऱ्यात होता. पक्षी दचकू नये म्हणून आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटर चालू ठेवलं होतं. त्यात फ्लॅश चालत नाही. मेकॅनिकल शटर लावलं. खटका ऐकून पक्षी पहिल्या दोन खेपांना मागे सरला, तिसऱ्या खेपेला त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

सेकंदाला दहा फ्रेमचा वेग ठेवला तर तिसरी-चौथी फ्रेम काळपट येते, सहा फ्लॅश एकाच वेळी भरून तयार होत नाहीत. पाचवर आणला.

१३ जानेवारी

मागचा पडदा. पहिल्या आठवड्यात मागे काहीच नव्हतं. फ्लॅशचा उजेड तिथवर पोहोचत नाही, म्हणून मागची बाजू काळी आणि भरदिवसा काढलेला पक्षी रात्रीचा वाटतो.

बागेतल्याच झाडोऱ्याचा पूर्ण आऊट-ऑफ-फोकस फोटो काढून ६० × ९० सेंटिमीटरवर छापला. पहिली प्रिंट चकचकीत कागदावर घेतली. फ्लॅशचा पांढरा डाग थेट मधोमध. २२ डॉलर पाण्यात. मॅट कागदावर परत छापली. तिसरी प्रिंट फिकट निळसर-राखाडी, ढगाळ आभाळासारखी. हिरव्या प्रिंटमधला सर्वांत उजळ भाग फ्रेमच्या मधोमध नको, फूल ज्या बाजूने येणार तिच्या विरुद्ध असावा. त्यामुळे पक्ष्याचा काळपट पाठीचा काठ उठून दिसतो.

प्रिंट फीडरच्या मागे १.२ मीटरवर. त्याहून जवळ आणली की पक्ष्याची सावली तिच्यावर पडते आणि बिंग फुटतं.

१४ जानेवारी

विचित्र दोष. काळी चाचणी पास, पुढचे सगळे फ्लॅश १/३२ वर, तरी काही फ्रेममध्ये फक्त मागच्या पंखाच्या कडेला दुहेरी रेघ. दीड तास उजेडच शोधत राहिलो, ताडपत्रीच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. शेवटी एकेक फ्लॅश बंद करत गेल्यावर सापडलं. पडद्यावरचे दोन फ्लॅश १/८ वर होते. “पडदा तर हलत नाही, चालेल” असं गृहीत धरलं होतं. पण त्यांचा उजेड प्रिंटवरून उलटून पारदर्शक पंखांतून कॅमेऱ्याकडे येत होता, आणि तो झोत पुढच्यांपेक्षा लांब.

उपाय: पडद्याचा एकच फ्लॅश ठेवला, प्रिंटच्या अगदी जवळ आणला, १/३२ वर, आणि फीडरच्या बाजूला काळ्या पुठ्ठ्याची आड. सेटअपमधला प्रत्येक फ्लॅश एकाच ताकदीवर. उजेड कमी-जास्त करायचा तर स्टँड सरकवायचा, बटण फिरवायचं नाही. मोकळा झालेला फ्लॅश खालून पोटाकडे लावला. पोट आणि पंखांची खालची बाजू आतापर्यंत काळवंडत होती.

२० जानेवारी

पाऊस. अर्धा दिवस गेला. फ्लॅशना फ्रीझरच्या झिपच्या पिशव्या घातल्या, तोंड खाली करून. बटरपेपर भिजून लोंबला. त्याऐवजी दुधाळ प्लॅस्टिकच्या फाइल-कव्हरचे तुकडे कापले, हे कागदापेक्षा बरेच निघाले.

सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी, ४५ डॉलर) आजपासून अडगळीत. दीड स्टॉप खातो, वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि पक्ष्याच्या येण्याची वाट अडवतो.

२७ जानेवारी

फूल आजपासून. पहिला प्रयोग कुंपणापाशी फुललेल्या टॉर्च अ‍ॅलोचा. लालभडक, भरगच्च, पक्षी स्वतःहून त्यावर येतो, म्हणजे सोपं असं वाटलं. सपशेल फसलं. तुऱ्याची लांबी वीस सेंटिमीटर, फ्रेमची रुंदी एकोणीस. पक्षी तुऱ्याच्या ज्या बाजूला हवा तिथे सोडून सगळीकडे गेला, आणि गेला की अर्धा फुलांआड.

हे कोरफडीचं भावंड दक्षिण आफ्रिकेतलं. तिथे त्याच्यावर सनबर्ड येतात, म्हणजे आपल्याकडच्या शिंजिरांचे नातलग, आणि ते दांड्याला पकडून बसून पितात. बसणाऱ्याला दाट तुरा सोयीचा. हवेत तरंगणाऱ्याला भोवती मोकळी जागा असलेलं, एकटं लोंबणारं फूल लागतं, आणि कॅमेऱ्यालाही तेच. फूल निवडताना दिखाऊपणा बघू नये, पक्ष्याला त्याच्याशी कुठल्या कोनात यावं लागेल ते बघावं.

२८ जानेवारी

मेक्सिकन बुश सेजच्या उरल्यासुरल्या दांड्या, जांभळ्या मखमली कळ्यांतून पांढरी फुलं. दांडी तिरकी कापून फुलवाल्यांच्या पाण्याच्या नळीत खोचली, नळी क्लॅम्पमध्ये. फूल बरोबर फीडरच्या तोंडासमोर, फीडर फ्रेमच्या बाहेर राहील असं.

मग अदलाबदल: फीडर उतरवायचा, फुलात बोथट सुईच्या १ मिलिलिटरच्या सिरिंजने साखरपाणी सोडायचं. पहिल्यांदा फूल काठोकाठ भरलं. थेंब पाकळीवरून ओघळला आणि फ्लॅशमध्ये काचेसारखा चमकला. वीस फ्रेम त्या थेंबाने खाल्ल्या. ०.१ मिलिलिटर पुरे. सांडलं तर फूल बदला, पुसत बसलात तर मखमल चिकटून बसते.

फीडर सलग वीस मिनिटांहून जास्त उतरवलेला नसावा. सकाळचा पहिला तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास त्याला हातच लावायचा नाही. थंड रात्री हे पक्षी शरीराचं तापमान उतरवून निपचित पडतात. ती रात्र काढायला संध्याकाळचं पिणं लागतं आणि त्यातून उठल्यावर सकाळचं.

पांढऱ्या पाकळ्या जळून गेल्या, कारण त्या पक्ष्यापेक्षा फ्लॅशच्या जवळ होत्या. पुढचे दोन फ्लॅश फुलापासून दूर आणि पक्ष्याच्या बाजूला दहा सेंटिमीटर सरकवले.

३ फेब्रुवारी

नराचा गळा काळा. प्रत्येक फ्रेममध्ये. दोन्ही फ्लॅश ४५ अंशांवर, माणसाच्या पोर्ट्रेटला लावतात तसे, आणि मुद्दा नेमका तिथेच होता. हा गुलाबी रंग पिसांत भरलेला नाही; पिसांतल्या सूक्ष्म थरांवरून प्रकाश परतताना तो तयार होतो, आणि परततो जवळजवळ आल्या दिशेनेच. फ्लॅश लेन्सच्या रेषेत नसेल तर कॅमेऱ्याला काजळी दिसते.

एक फ्लॅश लेन्सच्या लगेच वर आणला, लांब पट्टीवर, पक्ष्यापासून साठ सेंटिमीटर. गळा पेटला, अगदी शेंदूर-गुलालासारखा. पण पक्ष्याने मानही कॅमेऱ्याकडे वीस-तीस अंश वळवायला हवी. पूर्ण बाजूने असला तर डोळा आणि चोच उत्तम, गळा अर्धाच. दोन्ही हवं तर फूल किंचित कॅमेऱ्याकडे आणायचं, म्हणजे पक्षी त्याच्यासाठी थोडा समोर वळतो.

गुलाबी पेटल्यावर हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघताना फक्त लाल चॅनल बघा. एकूण आलेख शांत दिसतो आणि लाल केव्हाच भिंतीला टेकलेला असतो. उजेड २/३ स्टॉप कमी केला.

४ फेब्रुवारी

वादळ. ताडपत्री फाटली, दोन स्टँड आडवे. फ्लॅश आदल्या रात्री घरात घेतले होते म्हणून वाचले. यापुढे प्रत्येक स्टँडच्या पायात वाळूची पिशवी (जुन्या जीन्सच्या पायांच्या शिवल्या).

१० फेब्रुवारी

रायबीज स्पेसिओसम, इथली काटेरी रानटी गूजबेरी. सांता क्लारा परगण्यापासून खाली मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनारी डोंगरांतली. जानेवारीपासून फुलते, अ‍ॅनाजच्या विणीच्या हंगामातच. कमानदार फांदीच्या खाली लाल फुलं एका ओळीत लोंबतात, कानातल्या डुलांसारखी, आणि पुंकेसर पाकळ्यांच्या बरेच बाहेर. रोपवाटिकेतून कुंडीतलंच घेतलं, १८ डॉलर. फांदी कापून लावली की तासाभरात फुलं माना टाकतात. काट्यांमुळे जाड हातमोजे.

इथे सगळं जुळलं. फूल खाली बघतं म्हणून पक्षी खालून येतो, मान वर करतो, आणि गळा आपोआप वरच्या फ्लॅशसमोर उघडतो. सेजवर गळ्यासाठी जी ओढाताण केली ती इथे करावीच लागली नाही.

तरी पहिल्या तासात ६० फ्रेम वाया. कारणं:

फांदीवर अकरा फुलं, आणि पक्षी कुठल्या फुलावर जाईल याचा भरवसा नाही. फुलं खुडायची नव्हती. साखरपाणी एकाच फुलात घातलं, फांदीच्या टोकापासून दुसऱ्या. तीन-चार खेपांत पक्षी थेट तिथे यायला लागला. कुठल्या फुलात काय मिळालं ते या पक्ष्यांच्या चांगलं लक्षात राहतं. टोकाचं फूल मुद्दाम रिकामं ठेवलं, चित्राचा शेवट तिथे व्हावा म्हणून.

पंख कापले जात होते. कॅमेरा २.५ मीटरवर होता, फ्रेम १९ × १२.५ सेंटिमीटर. खालून येणाऱ्या पक्ष्यासाठी उभी फ्रेम हवी, आणि साडेबारा सेंटिमीटर रुंदीत पसरलेले पंख मावत नाहीत. ३ मीटरवर नेला: २३ × १५.५. स्पष्टतेची खोलीही एफ/१६ ला तीनावरून साडेचार सेंटिमीटरवर गेली.

फोकस: अंधारात ऑटोफोकस चाचपडतो. मॅन्युअल केलं. चोच फुलात असताना डोळा साधारण तीन सेंटिमीटर लांब असतो, पण तो क्षण चांगला नसतो. चोच झाकलेली, पाठ कुबडल्यासारखी. पिऊन झाल्यावर पक्षी उलटा मागे सरतो, पाच-आठ सेंटिमीटरवर क्षणभर थांबतो, परत शिरतो. एका खेपेत असं तीन-चार वेळा. फ्रेम त्या थांबण्यावर घ्यायची. फुलाखाली सहा सेंटिमीटरवर टूथपिक धरून फोकस लावला आणि फोकसच्या रिंगला चिकटपट्टी. शटरची केबल हातात, डोळे पक्ष्यावर. स्क्रीनकडे बघत बसलात तर क्षण गेलेला असतो.

फांदी वरच्या डाव्या कोपऱ्यातून आत, फ्रेमच्या एक तृतीयांशात संपलेली. कापलेलं टोक किंवा क्लॅम्प कोपऱ्यात डोकावत नाही ना, ते आधी पक्ष्याविना फ्रेम काढून बघा. वाळलेली फुलं चिमट्याने काढली. दोन उमलत्या कळ्या ठेवल्या. त्या नसत्या तर फांदी फुलदाणीतली वाटली असती.

११ फेब्रुवारी

काम बंद. एक मादी छपराच्या कोपऱ्यातलं कोळिष्टक चोचीत घेऊन सारखी लिंबाच्या झाडात जात होती. म्हणजे घरटं. दुर्बिणीने दुरून पाहिलं, अक्रोडाएवढी वाटी, सेटअपपासून पाच मीटरवर. अमेरिकेच्या १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने वापरातलं घरटं मोडणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी इथे फ्लॅश चालवायचे नव्हते. सगळं पडवीच्या दुसऱ्या टोकाला नेलं, पाठ लिंबाकडे, मध्ये ताडपत्री. आख्खा दिवस. विणीच्या काळात काम करणाऱ्यांनी स्टँड उभे करण्याआधी झाडं तपासावीत. हे इथे पाच आठवडे उशिरा झालं.

१७ आणि १८ फेब्रुवारी

शेवटची मांडणी: दोन फ्लॅश पुढून वर, एक लेन्सवर, एक खालून, एक मागून कडेसाठी, एक प्रिंटवर. सगळे १/३२. आयएसओ ४००, एफ/१६, १/२००. निळसर प्रिंट लाल फुलाला हिरवीपेक्षा सरस ठरली. हिरव्यावर पक्ष्याची हिरवी पाठ हरवते.

दोन दिवसांत १,१५० फ्रेम. पंख, डोळा, गळा तिन्ही ठीक: ३१. त्यात फुलाशी नीट जुळलेल्या: ९. पंख खाली असलेल्या फ्रेममध्ये बहुतेक वेळा डोळा झाकला जातो. पंख मागे-वर गेलेला किंवा पुढे येऊन वळणावर थांबलेला उत्तम; वळणावर वेग कमी असतो, म्हणून टोकाची पिसंही कोरीव येतात.

न सुटलेला दोष: डोळ्यात तीन पांढरे ठिपके, पुढच्या तिन्ही फ्लॅशचे. सध्या एक ठेवून दोन संगणकावर पुसले आहेत. पुढचे दोन फ्लॅश एकाच पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पत्र्यामागे ठेवले तर एकच मोठा ठिपका यावा, पण ताकद १/१६ वर न्यावी लागेल. हे करून बघितलेलं नाही.

खर्च, डॉलरमध्ये

सहा फ्लॅश ३९०, ट्रिगर ६०, सहा स्टँड १०८, रिचार्जेबल सेल ३२ नग ११२, दोन चार्जर ५०, तीन प्रिंट ६६, क्लॅम्प आणि पट्ट्या ४०, पाण्याच्या नळ्या ८, ताडपत्री दोनदा ३०, गूजबेरी १८, सॉफ्टबॉक्स ४५. एकूण ९२७. यातले ६७ (सॉफ्टबॉक्स आणि चकचकीत प्रिंट) निव्वळ अक्कलखाती. सेलमध्ये काटकसर नको: सहा फ्लॅशना २४ लागतात, आणि थंडीत दुपारपर्यंत एखादा संच मान टाकतोच.

१९ फेब्रुवारी

स्टँड उतरवले. फीडर आहे तिथेच, दर तीन दिवसांनी गरम पाण्याने धुऊन. गूजबेरी कुंडीतून जमिनीत, पडवीच्या उत्तरेच्या कडेला. उन्हाळ्यात ती पानं गाळते, मेली समजून उपटू नये, आणि त्या काळात पाणीही घालू नये.